दोन वाट्यांचा पंचनामा

आमच्या मुलखात त्या काळी बाईची छाती वाढवायचे सहा उपाय होते. त्यातले चार मी स्वतःच्या अंगावर करून पाहिले आणि दोनांपासून थोडक्यात बचावले. त्यामुळे कोणता उपाय किती धोक्याचा, यावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते. माझ्या थोरल्या मुलीला हे पटत नाही. "आई, असलं काही लिहू नकोस, लोक काय म्हणतील?" असं ती म्हणते. लोक तेव्हाही म्हणतच होते, त्यातूनच तर हे सगळं घडलं.

तेव्हा आमच्या तालुक्याला सुप्याचा तालुका म्हणायचे आणि डोंगरापलीकडचा गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. दिग्गीच्या अलीकडे रानात तीसेक घरांचं आमचं गाव. भाताची शेती, आणि सुगी संपली की बाप्ये बांबू काढायला नाहीतर लाकूडतोडीला जायचे. मला एकविसावं लागलं होतं, म्हणजे गावाच्या मते मी शिळी झाले होते. कामाला मी कुणाला हार जाणारी नव्हते, पण अंग कसं, तर पुढूनही पाठ आणि मागूनही पाठ. थोरला भाऊ म्हणायचा, "हिची पुढची बाजू कुठली ते कुंकू बघून ओळखायचं."

तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांचाही निरोप एकच, मुलगी अशक्त दिसते. अशक्त! निरोप पाठवणाऱ्या त्या बायांना एकेक करून पाठुंगळीला घेऊन मी घाट उतरून दाखवला असता.

चौथं स्थळ खानापूरकडचं. मुलगा आला, बरोबर त्याची आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. आत्या नवऱ्यामागे माहेरी परत आलेली, तिनेच त्याला वाढवलं, त्यामुळे त्या घरात तिचा शब्द शेवटचा. घाबरून मी माशाच्या आमटीत दोनदा तिखट घातलं. आत्याने एक घास घेऊन ताट बाजूला सारलं. मुलगा मात्र नाकाडोळ्यांतून पाणी गाळत सगळं जेवला आणि वर म्हणाला, "अजून थोडी वाढा." मी दाराआडून बघत होते. मला तो तिथेच आवडला. आधीच्या तिघांपैकी कुणी आवडलं नव्हतं, म्हणून त्यांचे नकार अंगाला लागले नव्हते. हा लागला असता.

आत्या म्हणजे दांडगी बाई. नऊवारी नेसलेली, पदराखाली छाती अशी भरगच्च की समोर उभं राहणाऱ्याने आपोआप एक पाऊल मागे घ्यावं. रस्त्यापासून चार मैल रान तुडवून आल्यामुळे तिचे गुडघे सुजले होते आणि डोकंही तापलं होतं. तिने मला उभं केलं, वाकायला लावलं, भरलेली घागर उचलायला लावली. मग भर पडवीत, माझ्या बापासमोर म्हणाली, "पोरगी कामाची हाय. तोंडानंबी बरी हाय. पर उद्या पोर झालं तर त्यानं काय बरगड्या चोखायच्या?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातली घागर त्या बाईच्या डोक्यावर पालथी घालावी असं मला फार वाटलं, आणि आजही कधीकधी वाटतं की घालायला हवी होती.

"शिमगा होऊ दे," आत्या पुढे म्हणाली, "खायाला घाला पोरीला. अंग भरलं तर बघू. पर मी हितवर परत चालत येत न्हाई, आताच सांगतो." तेव्हा असं ठरलं, की शिमग्यानंतर मला मोटारीच्या रस्त्यावर माझ्या मामाच्या घरी न्यायचं आणि तिथे दुसऱ्यांदा दाखवायचं. दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे माझ्या हातात चारेक महिने होते.

आईने दुसऱ्या दिवसापासून लाडू सुरू केले. मेथीचे, उडदाचे, डिंकाचे. सकाळी नाचणीची आंबील, रात्री दूध. महिन्याभरात माझे गाल सुटले, पोटऱ्या जाड झाल्या, बसल्यावर घोंगडं कमी पडायला लागलं. जिथे जायला सांगितलं होतं तिथे मात्र एक कण गेला नाही. या उपायाला धोका काही नाही, फक्त परकराची शिवण उसवते.

आमच्या घरामागे गावची सुईण राहायची. आईची लांबची बहीण, म्हणून मी तिला मावशी म्हणायची. आसपासच्या सहा गावांतली पोरं तिच्याच हातून जगात आली होती. तालुक्यात तिच्याइतक्या छात्या कुणी पाहिल्या नसतील, आणि त्यांतल्या एकीबद्दलही तिला आदर नव्हता. लाडवांचा खटाटोप बघून ती एकदा मला म्हणाली, "दूध आकारात नसतंय गं. त्या वरच्या आळीतलीला बगितलीस न्हवं, पाटासारखी सपाट? जुळी वाढवली तिनं. आणि ती पाटलाची सून, चालताना आधी ती दिसतीय आणि मग पाय दिसतात, तिच्या पोराला शेळीचं पाजायला लागलं."

"मग हे आत्याला सांग की," मी म्हटलं.

"त्या बाईला दूध बघायचंच न्हाई, मडकं बघायचंय," मावशी म्हणाली. मग तिने माझा कान धरला आणि मला शपथ घातली, की तिला विचारल्याशिवाय अंगाला काही लावायचं नाही आणि अंगात काही घ्यायचं नाही. मी शपथ घेतली, कारण कान दुखत होता.

शपथ आठ दिवस टिकली. शेजारच्या बाईने मला परड्यात गाठून सांगितलं, की बिब्बा फोडून त्याच्या तेलाचे ठिपके चहूबाजूंनी लावायचे, आठवड्यात अंग फुगून येतं. रानात बिब्ब्याची झाडं काय कमी होती? मी चार बिब्बे आणून ट्रंकेत लपवले. आधी परीक्षा म्हणून एकच ठिपका मनगटावर लावला. फुगलं, यात खोटं काही नाही. लाल झालं, फोड आला, खाज अशी सुटली की मी शेणाच्या पाट्या टाकून ओढ्याकडे धावले. मावशीने मनगट बघितलं आणि काही न विचारता पहिल्यांदा एक थोबाडीत दिली. मग खोबरेल लावता लावता बोलली, "उततोय तवा फुगतंय, व्हय. दात किडल्यावर गालबी फुगतो. पर बिब्बा उतरतोय तवा कातडं घेऊन उतरतोय. आतल्या दुधाच्या वाटा जळून जातात. मी तिघी बघितल्यात तसल्या." त्या तिघी कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मनगटावरचा डाग अजून आहे. ट्रंकेतले बिब्बे मात्र मी टाकले नाहीत. अगदीच वेळ आली तर असू देत, असं मनात होतं, इतकी मी त्या आमटी खाणाऱ्या माणसासाठी येडी झाले होते.

मग आला कंपाउंडर. लोंढ्याकडचा हा माणूस सायकलवर पेटी बांधून गावोगाव हिंडायचा आणि तापाला सुया टोचायचा. कुणी चुगली केली कोण जाणे, पण तो थेट आमच्या पडवीत येऊन आईला म्हणाला, की शहरातल्या बायका हल्ली याचं इंजेक्शन घेतात, दोन्ही बाजूंना तीन तीन सुया, त्याच दिवशी फरक. त्याने एक बाटली काढली. आत पांढरं, थिजलेल्या तुपासारखं काहीतरी. ती त्याने गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायला सांगितली. थोड्या वेळाने ते वितळून काचेसारखं स्वच्छ झालं. आई हात जोडून उभी होती आणि मी मनातल्या मनात चोळीची गुंडी सोडायच्या तयारीत होते.

मावशी उंबऱ्यावर बसून पान खात होती. ती उठली, कंपाउंडरच्या हातातून बाटली घेतली आणि गार पाण्याच्या तांब्यात थोडं ओतलं. ओतल्याबरोबर त्याचा पांढरा गोळा झाला. तिने तो बाहेर काढला, चिमटीत दाबला, फोडला, पुन्हा दाबला. मग कापसाची वात वळली, त्यात खोचली आणि चुलीतल्या काटकीने पेटवली. छान पेटली.

"हे मेण हाय," मावशी म्हणाली. "पोरीच्या अंगात समई लावायची हाय व्हय रे तुला?"

"बाई, तूपसुद्धा पेटतं की!" कंपाउंडर म्हणाला.

"तूप खातोस. सुईनं टोचून घेतोस काय? ह्याचा आत असाच गोळा बसणार. आज हितं, उद्या काखेत. मग काढायला कोण येणार, तू?"

कंपाउंडरने बाटली उचलली आणि तो बायकांच्या अडाणीपणाबद्दल बडबडत निघून गेला. मावशीने त्या गोळ्याचा दिवा तुळशीपुढे ठेवला. दिवा चांगला तासभर चालला, तेवढं श्रेय मी त्या माणसाला देते. सहा उपायांत सगळ्यात धोक्याचा कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन, कारण बिब्बा निदान आपण काय करतोय ते लगेच सांगतो. हा गोड बोलून आत शिरला असता.

मग मावशीने आपला नियम काढला. संध्याकाळी जे काढून खुंटीला टांगता येतं ते चालेल, बाकी काही चालणार नाही. या नियमात दोन घरगुती गोष्टी बसत होत्या. एक शेवरीचा कापूस. उशीतला काढून दोन पुरचुंड्या केल्या. दिसायला ठीक, पण मळणीला उभी राहिले आणि दुपारपर्यंत एक पुरचुंडी काखेतून पाठीवर गेली. भाऊ म्हणाला, "आता कुंकूबी बघून कळंना." शिवाय शेवरीचे तंतू नाकात जाऊन मला दोन दिवस शिंका येत होत्या. दुसरी गोष्ट करवंट्या. शिमग्यात बाप्ये बाईचं सोंग घेतात तेव्हा चोळीत करवंट्या बांधतात. भावाच्या सोंगाच्या सामानात एक घासूनपुसून गुळगुळीत केलेली जोडी होती. ती घालून मी दोन दिवस घरात वावरले. तब्येतीला पूर्ण सुरक्षित, जागचं काही हलत नाही. पण दळताना जात्याच्या खुंट्याला लागलं की टक् आवाज यायचा, आणि म्हैस माझ्याकडे बघायची.

शिमगा आठवड्यावर आला तेव्हा दिग्गीची एक बाई मावशीकडे आली. तिची तीन बाळंतपणं मावशीने केली होती. दिग्गीच्या काही बायका तेव्हा चोरवाटेने गोव्यात जायच्या आणि येताना घड्याळं, ब्लेडं, नायलॉनची कापडं चोळीत आणि ओच्यात लपवून आणायच्या. जाताना सडसडीत, येताना भरल्या अंगाच्या. माझी कथा ऐकून ही बाई पोट धरून हसली आणि पुढच्याच फेरीला तिने मला दोन रबराच्या वाट्या आणून दिल्या. मऊ, गोऱ्या बायकांच्या रंगाच्या, दाबल्या की बसायच्या आणि सोडल्या की पुन्हा फुगायच्या. आतल्या बाजूला परक्या भाषेतला शिक्का. मावशीने त्या हुंगल्या, ताणल्या, उकळत्या पाण्यात टाकून काढल्या, रात्रभर स्वतःच्या पोटाला बांधून बघितल्या.

"घामोळं येईल थोडं," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई. घाल."

मी घातल्या, वरून चोळी चढवली, पदर घेतला आणि परातीतल्या पाण्यात बघितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आईने तर दृष्ट काढली. त्या आनंदात ट्रंकेतले बिब्बे मी रानात भिरकावून दिले.

ठरल्या दिवशी आई आणि मी मामाच्या घरी निघालो. आमच्या वाटेवर, मोटारीचा रस्ता लागतो तिथे, चोरटा माल पकडायचा नाका होता. तिथे एक झडती घेणारी बाई असायची. दिग्गीच्या बायकांमुळे तिचा सगळा संशय छातीवर. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती गळ्याखालीच बघायची. माझ्याकडे मात्र तिने चार वर्षांत कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "तू जा गं," म्हणायची, आणि मी जायची. त्या दिवशीही मी तशीच, मान वर करून, निघाले होते. मावशीने तब्येतीच्या सगळ्या बाजूंचा विचार केला होता. सरकारचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"थांब," झडतीवाली म्हणाली. "गेल्या महिन्यात तुला काय नव्हतं."

तिने पदरावरून हात लावला, दाबलं, सोडलं. वाटी फुगून जागेवर आली. झडतीवालीचे डोळे चमकले. तिने मला तट्ट्यांच्या आडोशाला नेलं आणि बाहेरच्या कारकुनाला ओरडून सांगितलं, की माल आहे, पंच म्हणून एखादी बाई पाठवा. तेवढ्यात खानापूरकडून येणारी मोटार नाक्यावर थांबली. कारकुनाने उतरलेल्या पहिल्या बाईला हात केला आणि आत पाठवलं. ती पहिली बाई म्हणजे आत्या.

मी तट्ट्याच्या फटीतून बाहेर बघितलं. मोटारीजवळ तो आमटी खाणारा उभा होता, हातात नारळाची पिशवी. आई रस्त्यातच मटकन बसली. आता सगळं संपलं हे मला स्वच्छ दिसत होतं.

आत्याने मला बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगं बाई! अंग भरलं की गं पोरीचं!"

"तेच तर बघायचं हाय," झडतीवाली म्हणाली. "पर आधी तुमची झडती द्या."

"माझी? कशाला?"

नियमच तसा होता. पंचाने आधी आपली झडती द्यायची, म्हणजे माल पंचानेच घुसवला असं मागाहून कुणी म्हणू नये. आत्याने पहिल्यांदा शिव्या दिल्या, मराठीत आणि मग कानडीत. झडतीवाली हलली नाही. शेवटी आत्याने माझ्याकडे एकदा बघितलं, पाठ फिरवावी की काय असा विचार केला, आणि मग फिरवलीच नाही. तिने चोळीची गाठ सोडली.

चोळीतून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची दोन गाठोडी निघाली. त्यांच्याखाली काही नव्हतं. गळ्याच्या हाडापासून खाली सगळं कातडं आक्रसलेलं, चुरगळलेलं, जागोजागी पांढरं आणि काळं पडलेलं. माझ्या मनगटावर होता तसला डाग, पण छातीभर. मला काही सांगायची गरज नव्हती. मावशीने न सांगितलेल्या तिघींसारखीच एक माझ्यापुढे उभी होती.

झडतीवालीने गाठोडी चाचपली आणि परत दिली. "चिंध्या. देशी माल हाय, चालतंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने माझ्या वाट्या काढल्या आणि शिक्का बघून म्हणाली, "हे परदेशी. हे चालत न्हाई."

आता आत्या काय म्हणणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. तिने माझा हात धरला आणि मनगट उलटं केलं. "हे काय? बिब्बा लावलास?"

"एवढाच. मनगटाला. बाकी कुठं न्हाई."

"खरं सांग."

"देवाशप्पथ न्हाई, आत्ती."

तिने जोराने श्वास सोडला. चोळी बांधता बांधता ती बोलत होती, माझ्याशी की त्या तट्ट्याशी ते कळत नव्हतं. लग्न होऊन गेली तेव्हा तिची सासू म्हणाली होती, ही काय पाजणार. मग सासूनेच बिब्बे आणले. अंग पिकलं, दोन महिने ती पालथी झोपली नाही. पुढच्या वर्षी मुलगा झाला. दूध आतच राहिलं, बाहेर यायला वाट नव्हती. "सतरा दिवस जगलं पोर," आत्या म्हणाली. "रडून रडून गेलं. दूध मिळालं न्हाई तर काय होतंय ते मी बघितलंय. म्हणून मी तुला तसं बोलले."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. ज्या शब्दांनी तिला भाजलं तेच शब्द घेऊन ती माझ्या पडवीत आली होती. मी म्हटलं, "आमची सुईण सांगती, दूध आकारात नसतंय."

आत्याने चोळीची गाठ घट्ट ओढली. मग म्हणाली, "हे माझ्या सासूला कुणी सांगितलं न्हाई."

बाहेर कारकून पंचनामा लिहायला बसला होता. वाट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या. मोटारीतली माणसं, ड्रायव्हर आणि तो नारळाची पिशवी घेतलेला, सगळे बघत उभे. कारकून मोठ्याने वाचत लिहीत होता, "परदेशी बनावटीच्या रबरी वाट्या, नग दोन. उपयोग?" त्याने टाक दौतीत बुडवला. "उपयोग काय लिहू?" त्याने पुन्हा विचारलं.

"घरगुती," पिशवीवाला म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो अगदी गंभीर चेहऱ्याने उभा होता, फक्त कान लाल झाले होते. कारकुनाने घरगुती असं लिहिलं, दौत आत्याकडे सरकवली आणि अंगठा लावायच्या आधी रीतीप्रमाणे विचारलं, "या मुलीला तुम्ही ओळखता?"

"ओळखतो म्हंजे?" आत्या म्हणाली. "सून हाय माझी."

आई रस्त्यातच रडायला लागली. कारकुनाने मात्र कपाळावर हात मारून घेतला. नात्यातली बाई पंच चालत नाही, हे आधी सांगायला काय झालं होतं? दुसरी बाई होती ती माझी आई, आणि मोटार तर तोपर्यंत हॉर्न वाजवून निघून गेली होती. त्याने कागद फाडला. पंचाशिवाय माल ठेवून घेतला तर साहेब मलाच झाडेल, असं पुटपुटत त्याने वाट्या आमच्याकडे ढकलल्या. आत्याने त्या उचलून पिशवीत, नारळाशेजारी टाकल्या.

वैशाखात लग्न झालं. वाट्या मला काही परत मिळाल्या नाहीत. आत्यासासूबाई सारवायला बसताना त्या गुडघ्यांना चिंधीने बांधायच्या आणि सगळ्या गावाला सांगायच्या की परदेशी माल आहे, फार मऊ आहे. त्यांनी चोळीत चिंध्या कोंबायचं त्या वर्षी सोडून दिलं. कुणी काही विचारलं नाही, कारण त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मावशीच्याच हातावर मुलगी झाली. दोन दिवस दूध उतरलं नाही. पोर ओठ हलवायची आणि रडायची. मावशी म्हणत होती, येतंय, धीर धर, पण मला ते सतरा दिवस आठवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून आवाज आला. आत्यासासूबाई आल्या होत्या, चार मैल रान तुडवून, दोन्ही गुडघ्यांना रबराच्या वाट्या बांधून. इथवर परत चालत येणार नाही असं म्हटलेलं त्या विसरल्या होत्या, आणि त्याची आठवण करून द्यायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्या माझ्या बाजेजवळ खाली बसल्या. मी मुलीला छातीशी धरलं होतं, त्याच छातीशी, जिच्यात लाडू, कापूस, करवंट्या, रबर, कशानेच काही फरक पडला नव्हता. मुलीने ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं. आणि मग गिळल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग सारखा. तोंडात मावेना इतकं झालं, तिला ठसका लागला आणि ओठांच्या कोपऱ्यातून दूध गालावर ओघळलं.

आत्यासासूबाईंनी पुढे वाकून बोटाने ते पुसलं. बोटाकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग ते आपल्या तोंडात घातलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि परड्यात गेल्या. मावशी त्यांना बोलवायला निघाली होती, पण मी तिला हाताने थांबवलं. मुलगी पोट भरून झोपली तरी त्या आत आल्या नव्हत्या.